खूण करणारे आणि खाणारे : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या साउदम्प्टन इथल्या माझ्या कामाबद्दल दोन पानं लिहिली होती. कॅन्सरच्या पेशीला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, आणि ती चिकटल्यावर धावून येणाऱ्या आपल्याच रक्तातल्या पेशी, असा विषय होता. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. सगळी वाचली, काही दोनदा. ज्या पत्रांसोबत रिपोर्टच्या झेरॉक्स होत्या, त्यांना वेगळी उत्तरं पाठवली आहेत. मी पीएचडी झालेली डॉक्टर आहे, रुग्ण तपासणारी नाही, हे त्या प्रत्येक उत्तरात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. इथेही ते ध्यानात ठेवावं, ही विनंती.

साताऱ्याहून एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात : पीएचडी झाली तरी ‘पोस्टडॉक’ म्हणून तुम्ही अजून शिकताच आहात का? आणि दिवसभर नेमकं करता काय? ‘संशोधन चालू आहे’ एवढंच सगळे सांगतात.

काका, शिकणं थांबलेलं नाही हे खरं, पण मी विद्यार्थी नाही. पीएचडीत गाइडनी दाखवलेल्या वाटेने बरंच चालता येतं. पोस्टडॉकमध्ये वाट आपण शोधायची आणि ती चुकली तर कुठून मागे फिरायचं तेही आपणच ठरवायचं. दोन-तीन वर्षांचा करार असतो, पगार मिळतो, करार संपला की पुढची जागा शोधायची. माझा हा दुसरा करार.

दिवस कसा जातो त्यासाठी गेला मंगळवारच सांगते. सकाळी रक्तपेढीतून एक छोटा प्लास्टिकचा शंकू येतो. कुणीतरी प्लेटलेट दान केलेल्या असतात. त्या वेगळ्या काढणाऱ्या यंत्रात मागे उरलेल्या पांढऱ्या पेशी या शंकूत अडकून राहतात. एरवी टाकूनच द्यायच्या. जेमतेम दोन चमचे गडद रक्त. दात्याचं नाव आम्हाला कळत नाही, पण शंकू हातात घेतला की त्या माणसाचा विचार मनात येतोच. ते रक्त पातळ करून एका दाट द्रावावर इतक्या हळू सोडायचं की दोन्ही थर मिसळता कामा नयेत. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. नळी बाहेर काढली की तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि मध्ये एक पांढुरकी चकती दिसते, दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीसारखी. माझं सगळं काम त्या सायीत आहे.

त्यातल्या मोनोसाइट नावाच्या पेशी प्लास्टिकच्या ताटलीला चिकटतात, बाकीच्या धुऊन काढता येतात. चिकटलेल्यांना एक ठरावीक प्रथिन घालून ३७ अंशांवर सात दिवस ठेवलं की त्यांचे मॅक्रोफेज होतात : मोठ्या, पसरट, खादाड पेशी. मग ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशींना हिरवा चमकणारा रंग द्यायचा, त्यांच्यावर प्रतिपिंड चढवायचं आणि त्या मॅक्रोफेजच्या ताटलीत सोडायच्या. तासाभराने मोजायचं, किती मॅक्रोफेजच्या पोटात हिरवं दिसतंय. मोजणी फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र करतं; पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. प्रतिपिंड नसेल तर मॅक्रोफेज बहुतेक वेळ कॅन्सरच्या पेशीला खेटून नुसते बसून राहतात. प्रतिपिंड असेल तर तीच पेशी गिळतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून मला ते पाहायला आवडतं.

आता माझा प्रश्न. प्रतिपिंड दोन हात आणि एक शेपूट असलेलं असतं. हातांनी ते कॅन्सरच्या पेशीवरची खूण धरतं. मारणं हे मुख्यतः त्या शेपटीचं काम, आणि तेही एकटीचं नाही : मॅक्रोफेजने किंवा ‘नॅचरल किलर’ पेशीने ती शेपटी पकडावी लागते. पकडण्यासाठी त्यांच्या अंगावर ग्राहक, म्हणजे रिसेप्टर नावाची आकड्यांसारखी प्रथिनं, असतात. गोम अशी की त्यांतले काही ग्राहक ‘खा’ म्हणतात आणि एक ग्राहक ‘थांब’ म्हणतो. २००० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या क्लाइन्स आणि रॅव्हेच यांनी उंदरांवर दाखवलं की हा ‘थांब’ म्हणणारा ग्राहक काढून टाकला तर तेच प्रतिपिंड गाठीवर कितीतरी चांगलं चालतं, आणि ‘खा’ म्हणणारे काढले तर ते जवळपास निकामी होतं. औषध तेच, मात्रा तीच. फरक पडला तो उत्तर देणाऱ्या पेशीत. गाठीच्या आत बसलेले मॅक्रोफेज बरेचदा याच ‘थांब’च्या बाजूला झुकलेले असतात. त्यांना परत ‘खा’कडे कसं वळवायचं, हे मी शोधते आहे.

साउदम्प्टनमध्ये हा विषय जुना आहे. जॉर्ज आणि फ्रीडा स्टीव्हन्सन या जोडप्याने १९७५ साली इथूनच गिनीपिगच्या ल्युकेमियावर काम करून दाखवलं की कॅन्सरच्या पेशीवरची अगदी तिची स्वतःची अशी खूण प्रतिपिंडाने ओळखता येते. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची पद्धत काढली. १९८४ सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्याआधी प्रतिपिंडं मिळायची ती जनावराच्या रक्तातून, सगळी मिसळलेली. सापाच्या विषावरची लस आपल्याकडे अजून तशीच बनते : हाफकिनच्या पिंपरीच्या घोड्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मिसळलेल्या प्रतिपिंडांनी विष उतरतं, पण कॅन्सरला नेमकी एकच खूण धरणारी हवीत.

एक वाईट वर्षही सांगते, कारण तुम्ही ‘नेमकं काय’ असं विचारलंत. आधीच्या एका प्रयोगशाळेत माझ्या पेशींना मायकोप्लाझ्मा लागला. हा इतका बारीक जंतू की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, द्राव गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत; फक्त वेगळ्या वागू लागतात. चार महिन्यांचे आकडे फेकून द्यावे लागले. तपासणी दर महिन्याला व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. आता माझी तपासणी मीच करते, दर दोन आठवड्यांनी.

सांगली जिल्ह्यातून एक वाचक भगिनी लिहितात : मिस्टरांचं वय ४६. तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि शेक झाले, आठ महिन्यांत परत आला. डॉक्टर म्हणाले इम्युनोथेरपी देता येईल, पण खर्च फार. घरात म्हणतात दोन एकर विकूया. विकावी का?

वहिनी, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. आधी माझ्या घरचं सांगते. २००९ साली माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला. रिपोर्टमध्ये ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असं आलं, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाची खूण भरपूर होती. त्यावर ट्रास्टुझुमॅब नावाचं प्रतिपिंड अमेरिकेत १९९८ पासून मिळत होतं, आपल्याकडेही मिळत होतं. एका इंजेक्शनची किंमत ऐकून काका दवाखान्याच्या बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. असं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. ते घेतलं गेलं नाही. आत्या २०११ मध्ये गेली. २०१४ साली त्याच प्रतिपिंडाची भारतात बनवलेली आवृत्ती बायोकॉनने बाजारात आणली आणि किंमत खाली आली. मधल्या तीन वर्षांचा हिशेब मी अजून करत असते. म्हणून तुम्हाला ‘पैशांचा विचार करू नका’ असं मी लिहिणार नाही.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं औषध बहुधा निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब असेल. हीसुद्धा प्रतिपिंडंच, पण ती कॅन्सरला चिकटत नाहीत. ती चिकटतात तुमच्या मिस्टरांच्या टी पेशींना, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना. टी पेशीवर पीडी-वन नावाचा ब्रेक असतो आणि कॅन्सर तोच दाबून ठेवतो. प्रतिपिंड त्या ब्रेकवर बसलं की कॅन्सरचा पाय तिथे पोचत नाही आणि टी पेशी कामाला लागते. अशा ब्रेकांचा शोध लावल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या (यात तोंडाचाही येतो) पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास केला. तो २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही घरी घेता येणारी, त्या मानाने स्वस्त औषधं दिली. उरलेल्यांना त्याच औषधांसोबत निव्होलुमॅब दिलं, पण फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षाअखेर पहिल्या गटात शंभरातले साधारण १६ जण हयात होते, दुसऱ्या गटात ४३. मधली हयात, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर पोचले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला.

हे आकडे दोन्ही अंगांनी वाचा. बाराव्या हिश्शाहून कमी मात्रेनेही इतका फरक पडतो, हे फार मोठं आहे. टी पेशींवरचे सगळे पीडी-वन झाकायला औषध थोडंच पुरतं, त्यापुढे ओतत राहून तेवढा फायदा वाढत नाही, हे प्रयोगशाळेत आम्हाला दिसत होतं. ते रुग्णांवर सिद्ध करायचं धाडस परळच्या टाटामध्ये झालं, आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे. पण शंभरातले ४३ म्हणजे ५७ गेले, हेही त्याच ओळीत लिहिलेलं आहे. हा आजार मुळापासून बरा करण्याचा अभ्यास नव्हता, आयुष्य वाढवण्याचा होता.

म्हणून जमिनीचा व्यवहार करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा : हा उपचार बरं करण्यासाठी आहे की दिवस वाढवण्यासाठी? कमी मात्रेचं निव्होलुमॅब आमच्या बाबतीत चालेल का? गाठीची पीडी-एल-वन (कॅन्सर ज्या ‘पायाने’ तो ब्रेक दाबतो ते प्रथिन) तपासणी झाली आहे का? किती डोसांनंतर स्कॅन करून पुढचं ठरवणार? शेवटचा प्रश्न विसरू नका. थांबायचं कधी हे सुरुवातीलाच ठरलेलं असलं की घरातली भांडणं टळतात. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो, तिथे एकदा तरी बसा. कुठली योजना, कुठला ट्रस्ट, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि औषध सुरू झालंच तर जुलाब, दम लागणं, फार थकवा यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी फोन करा. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधी कधी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर जातात. लवकर कळलं तर आवरता येतं.

जमीन विकावी का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मिस्टरांना विचारलंत का? पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं दिसलं नाही.

अमरावतीहून एक शिक्षक : गुळवेल, हळदीचा काढा यांनी प्रतिकारशक्ती वाढते. मग कॅन्सरवर तेच का देत नाहीत?

सर, ‘वाढवणं’ हा शब्दच इथे लागू पडत नाही. गाठीच्या आत प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी नसतात. काही गाठींत तर मॅक्रोफेजची गर्दी असते आणि तेच गाठीला नव्या रक्तवाहिन्या पुरवत असतात. अशी फौज वाढवून कुणाचं भलं होईल? तिला दिशा द्यावी लागते, ब्रेक सोडावा लागतो, खूण दाखवावी लागते. घरातली हळद घरात राहू द्या. पण उपचार चालू असताना काढे, चूर्णं, गोळ्या जे काही चाललं असेल ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण यकृताला दोन्हीकडचं ओझं पेलावं लागतं. आणि काढ्यासाठी केमो थांबवलेल्यांची पत्रं मला आली आहेत. ती इथे छापण्यासारखी नाहीत.

नाशिकहून एक औषध विक्रेते : प्रतिपिंडं शरीरातलीच, मग सुरक्षितच असणार ना?

नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन-१४१२ नावाचं प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना पहिल्यांदाच दिलं गेलं. ते टी पेशींना थेट चेतवणारं होतं. दीड तासाच्या आत सगळे आजारी पडले, सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सहाही जण वाचले, पण एकाच्या हाता-पायांची बोटं गेली. माकडांवर तेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत दिलं होतं आणि काही झालं नव्हतं. कारण पुढे सापडलं : माणसाच्या ज्या टी पेशींनी हा आगडोंब उसळवला, माकडांतल्या तशा पेशींवर त्या प्रतिपिंडाला धरायची खूणच नसते. तेव्हापासून अशा औषधांचा पहिला डोस एकाच माणसाला देतात, थांबतात, पाहतात, मगच दुसऱ्याकडे जातात. मी माझ्या ताटल्यांमध्ये माणसाच्या पेशी वापरते त्यामागे हेही एक कारण आहे.

नांदेडची एक एमएस्सीची विद्यार्थिनी : ताई, मी मराठी माध्यमातली. मला हेच काम करायचंय. बाहेर जावंच लागेल का? आणि तुम्ही परत येणार का?

जावंच लागेल असं आता राहिलेलं नाही. कार-टी हे नाव तू ऐकलं असशील : रुग्णाच्या टी पेशी काढून घेऊन, त्यांवर प्रतिपिंडाच्या हाताचा तुकडा बसवून, वाढवून परत त्याच्याच शिरेत सोडायच्या. म्हणजे खूण ओळखणारा आणि मारणारा एकाच अंगात. भारतात बनलेली अशी पहिली उपचारपद्धती आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत पुढे गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. नेक्सकार-१९ तिचं नाव. सध्या ती ‘बी पेशी’ नावाच्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवरच चालते. तोंडाच्या, स्तनाच्या गाठींपर्यंत अजून पोचलेली नाही. ती तिथवर पोचवायला माणसं लागणार आहेत आणि पवईची आयआयटी, खारघरचं टाटाचं संशोधन केंद्र तुझ्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत.

पण गेलीस तर परतायची वाटही जुनी आहे. कॅन्सर संशोधक कमल रणदिवे पुण्याच्या. वि. रा. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली आणि मग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या, म्हणजे आजच्या भाषेत पोस्टडॉकलाच. शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या, पुढे जगभर गाजलेल्या हेला पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गे. शरीराबाहेर पेशी जगवायची विद्या रणदिवे तिथून घेऊन आल्या आणि मुंबईला परळमध्ये ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. काचेच्या नळ्या धुण्यापासून सगळी घडी बसवायची होती. त्या काळात हे केलं, तर आपण निदान परतीचा अर्ज तरी भरावा, असं मला वाटतं. भारत सरकारची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठीच आहे. माझा अर्ज तयार होतो आहे. मिळाली तर येणार.

माध्यमाचं म्हणशील, तर मीही दहावीपर्यंत मराठीतच शिकले. पहिल्या वर्षी इंग्रजी शोधनिबंध वाचताना समासात मराठीत लिहायचे, ‘इथे हा असं का म्हणतोय?’ ती सवय अजून आहे. तुझी अडचण इंग्रजीची नाही, हातांची असेल : पेशी वाढवण्याचा सराव एमएस्सीत फारसा मिळत नाही. सुट्टीत कुठेतरी सहा आठवडे नुसतं बघायला आणि पिपेट धरायला मिळेल असं बघ. पाच ठिकाणी लिही. चार जण उत्तर देणार नाहीत.

मालवणजवळच्या गावातून नववीतली मुलगी : मॅक्रोफेज खरंच खातात का? त्यांना तोंड असतं का? हे कुणी पहिल्यांदा पाहिलं?

तोंड नसतं. पेशीचं आवरण पुढे सरकतं, भक्ष्याभोवती दोन्हीकडून वळसा घालतं आणि मिटतं. भक्ष्य आत एका पिशवीत सापडतं, त्या पिशवीत पाचक रस येतात. पचल्यावर मॅक्रोफेज काही तुकडे आपल्या अंगावर लावून टी पेशींना दाखवतात, ‘असं काही दिसलं तर सोडू नका’ म्हणून.

पाहिलं ते तुझ्यासारख्याच समुद्राकाठी. इल्या मेचनिकॉफ हे जीवशास्त्रज्ञ १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे होते. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्यात त्यांनी बारीक काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं : रोगाशी पेशी लढतात. पॉल एर्लिक यांच्या बाजूचे म्हणत : लढतात ती रक्तातली प्रतिपिंडं. वर्षानुवर्षं वाद चालला. १९०८ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

तुला हे शाळेच्या सूक्ष्मदर्शकात पाहायचं असेल तर अमिबा पाहा, तोही असाच गिळतो. तळ्याच्या तळाचा गाळ, कुजक्या पानांसकट, बरणीत पाण्यात ठेव. तीन-चार दिवसांनी तळाकडचा एक थेंब काचपट्टीवर घे, उजेड कमी ठेव. सुरुवातीला सगळं मातीच दिसेल. एकाच जागी नजर ठेव; जी माती हळूच आकार बदलेल, ती माती नव्हे. काय दिसलं त्याचं चित्र काढून मला पाठव, संपादक माझ्यापर्यंत पोचवतील.